चावीविना सुरू होणारी मोटरसायकल, अडलेले हँडल लॉक आणि वॉरंटी-विम्याचा गुंता

दुचाकीस्वार (धागाकर्ता)

एका चिवट बिघाडाबद्दल आणि त्यातून उभ्या राहिलेल्या वॉरंटी व विम्याच्या प्रश्नांबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. माझ्या मोटरसायकलला खाचेत घालून फिरवायची चावी नाही. फॉब (चावीऐवजी मिळणारी, गाडीशी रेडिओलहरींनी बोलणारी छोटी डबी) खिशात असला की टाकीपुढचे बटण दाबायचे, हँडल लॉकचा खिळा आतल्या छोट्या मोटरने मागे सरकतो आणि त्यानंतरच इग्निशन चालू होते. गाडी घेतल्यानंतर पहिल्याच वर्षात अधूनमधून असे होऊ लागले की बटण दाबल्यावर डॅशबोर्ड क्षणभर उजळतो, हँडल लॉकची खूण लुकलुकते आणि सगळे पुन्हा बंद पडते. हँडल एका बाजूला वळलेले आणि घट्ट असल्यामुळे गाडी ढकलून बाजूलाही घेता येत नाही. काही वेळाने पुन्हा बटण दाबले की जणू काही घडलेच नव्हते अशा थाटात ती सुरू होते.

सर्व्हिस सेंटरने पहिल्या खेपेला फॉबमधला सेल बदलून दिला. त्यानंतरच्या खेपांना ‘तपासले, दोष आढळला नाही’ असा शेरा मारून गाडी परत केली. वॉरंटी संपल्यावर मात्र लॉक कायमचेच अडले. आता तेच सर्व्हिस सेंटर सांगते आहे की हँडल लॉक, त्याचे कंट्रोल युनिट आणि दोन्ही फॉब असा पूर्ण संच बदलावा लागेल आणि तो खर्च माझा असेल. माझा विमा सर्वसमावेशक आहे, पण विमा कंपनीने ‘हा बिघाड आहे, अपघात नव्हे’ असे एका वाक्यात उत्तर दिले. दोष नेमका कुठे असू शकतो, वॉरंटीच्या काळात सुरू झालेला बिघाड वॉरंटीनंतर पुरता उघड झाला तर जबाबदारी कोणाची, आणि विम्यातून खरोखरच काहीही मिळत नाही का, हे मला समजून घ्यायचे आहे.

नटबोल्ट

आधी यंत्राकडे पाहू, कारण पुढच्या कागदोपत्री वादात तुम्ही दोषाचे वर्णन कसे करता यावर बरेच अवलंबून राहील.

बटण दाबल्यापासून इग्निशन चालू होईपर्यंत गाडीत एकामागून एक अशा चार गोष्टी घडतात. कंट्रोल युनिट जागे होऊन फॉबला साद घालते, फॉब ओळख पटवणारे उत्तर देतो, ओळख पटल्यावर हँडल लॉकच्या मोटरला वीज मिळून खिळा मागे येतो, आणि खिळा पूर्ण मागे आल्याची खात्री एक छोटा सेन्सर किंवा मायक्रोस्विच देतो. ही शेवटची खात्री मिळाल्याशिवाय युनिट इग्निशन चालू करत नाही आणि तसे करणे योग्यच आहे, कारण अर्धवट बाहेर असलेल्या खिळ्यासह गाडी चालू लागली तर पहिल्याच वळणावर हँडल अडकू शकते. अडचण अशी की चारांपैकी कोणतीही पायरी चुकली तरी चालकाला दिसणारा परिणाम सारखाच असतो, म्हणजे गाडी सुरू होत नाही. म्हणूनच सर्व्हिस सेंटर सर्वांत स्वस्त आणि सोप्या कारणाकडे, म्हणजे फॉबच्या सेलकडे, बोट दाखवून मोकळे होते.

पायऱ्या वेगळ्या ओळखण्यासाठी कान वापरावा. शांत जागी बटण दाबा आणि हँडलच्या मधल्या दांड्याजवळ कान न्या. काहीच आवाज आला नाही, तर बहुधा फॉबची ओळखच पटलेली नाही किंवा मोटरपर्यंत वीज पोचलेली नाही. मोटर क्षणभर घरघरली आणि लगेच थांबली, तर ओळख पटली आहे पण खिळा अडला आहे. मोटर पूर्ण फिरल्याचा आणि खिळा मागे आदळल्याचा ‘टक्’ असा स्पष्ट आवाज आला, हँडल मोकळेही झाले, तरीही इग्निशन चालू होत नसेल, तर खिळा मागे आला आहे पण सेन्सर ते सांगत नाही. ही तिसरी अवस्था सर्वांत फसवी असते, कारण सेन्सरच्या संपर्कावरची ओल किंवा कनेक्टरमधला गंज सर्व्हिस सेंटरच्या कोरड्या आवारात गाडी पोचेपर्यंत आपला प्रताप दाखवणे थांबवतो.

खिळा अडण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे त्याच्यावर बाजूने पडलेला दाब. गाडी साइड स्टँडवर उतारावर उभी असेल किंवा पुढचे चाक एखाद्या कडेला टेकले असेल, तर हँडल सतत एका दिशेने रेटले जाते आणि खिळा खाचेच्या भिंतीवर आवळला जातो. दार फुगल्यावर त्याला खांद्याने थोडा रेटा देऊनच कडी सरकवावी लागते, तसेच इथे हँडल शेवटच्या टोकापासून किंचित आत ओढून धरत बटण दाबावे. छोट्या मोटरची ताकद मर्यादित असते आणि युनिट काही सेकंदांनी प्रयत्न सोडून देते, त्यामुळे एवढासा आधारही पुरतो. हँडलला हिसके मात्र देऊ नयेत. खिळा वाकला किंवा खाच असलेल्या भागाला तडा गेला, तर दुरुस्ती लॉकपुरती राहत नाही.

गाडीच्या बॅटरीची अवस्थाही पाहावी. नेहमीची १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि काही तास विसावलेली असेल तर सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते, आणि तीच १२ व्होल्टच्या आसपास आली असेल तर ती जवळजवळ रिकामी समजावी. अशा बॅटरीवर डॅशबोर्ड व्यवस्थित उजळतो, म्हणून बॅटरी ठीक आहे असे वाटते, पण लॉकच्या मोटरने वीज ओढताच विद्युतदाब खाली येतो आणि युनिट माघार घेते.

आडवाट

वरील प्रतिसाद उत्तम आहे. माझी एक शंका आहे. खिळा जर मोटरने मागे येतो, तर गाडी धावत असताना काही बिघडून तो पुढे सरकण्याचा धोका नाही का? मला या व्यवस्थेची भीती वाटते ती प्रामुख्याने याच कारणाने.

नटबोल्ट

@आडवाट, ही भीती आराखडा करणाऱ्यांनाही असते आणि म्हणून त्यावर एकाहून अधिक अडसर ठेवलेले असतात. लॉकच्या मोटरची वीज इग्निशन चालू असताना वेगळ्या मार्गाने तोडलेली असते, चाकाचा वेग किंवा इंजिनाचे फेरे नोंदले जात असतील तर लॉकचा आदेश स्वीकारलाच जात नाही, आणि बहुतेक रचनांत हँडल ठरावीक टोकाला वळवल्याशिवाय खिळ्यासमोर खाच येतच नाही. हँडल असलेल्या वाहनांच्या चोरीरोधक व्यवस्थेसाठी संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांमध्ये क्रमांक ६२ चा स्वतंत्र नियमच आहे. चालू गाडीत खिळा बाहेर येण्यापेक्षा उभ्या गाडीत तो आत न जाण्याचे प्रकार कितीतरी अधिक दिसतात, आणि त्याचे कारणही हेच आहे की संशय आला की व्यवस्था ‘सुरू करू नये’ याच बाजूला झुकते.

तारयंत्री

फॉबच्या बाजूने काही भर घालतो. गाडी आणि फॉब यांच्यातले संभाषण दोन वेगळ्या वारंवारितांवर चालते. गाडी साधारण १२५ किलोहर्ट्झच्या कमी वारंवारितेवर साद घालते आणि फॉब ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास, काही देशांत ३१५ मेगाहर्ट्झच्या आसपास, उत्तर देतो. कमी वारंवारितेची साद प्रत्यक्षात चुंबकीय क्षेत्राच्या रूपात असते आणि अंतराबरोबर ती फार झपाट्याने क्षीण होते, म्हणून तिचा पल्ला मीटर-दोन मीटरच राहतो. हे मुद्दाम केलेले आहे, कारण चालक गाडीजवळ असल्याचा तोच पुरावा मानला जातो.

याच कमकुवत सादेमुळे व्यत्ययही लवकर येतो. फॉब मोबाइलला चिकटून एकाच खिशात असणे, नाण्यांच्या किंवा धातूच्या डबीत असणे, हँडलवर बसवलेला स्वस्त यूएसबी चार्जर चालू असणे, यांपैकी कशानेही साद बुडून जाऊ शकते. फॉब दुसऱ्या खिशात ठेवून आणि चार्जर काढून पाहणे ही विनाखर्चाची चाचणी आहे, आणि तिचा निष्कर्ष लिहून ठेवला तर पुढे सर्व्हिस सेंटरशी बोलताना उपयोगी पडतो.

फॉबमधला सेल बहुतेक वेळा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा असतो. थंडीत त्याची वीज देण्याची क्षमता कमी होते, त्यामुळे दुपारी चालणारा फॉब पहाटे चालत नाही. आणखी एक बारीक गोष्ट अशी की लहान मुलांनी सेल गिळू नये म्हणून काही उत्पादक त्यावर कडू लेप देतात आणि काही फॉबमधल्या पट्ट्यांशी त्या लेपामुळे संपर्क नीट होत नाही. नवा सेल घातला तरी फरक पडला नाही अशी तक्रार असेल तर लेप नसलेला सेल घालून पाहावा.

सेल पूर्ण संपला तरी गाडी अडून राहू नये, अशी सोय जवळपास प्रत्येक उत्पादकाने केलेली असते. फॉबमध्ये सेलवाचून चालणारी एक चिप असते आणि फॉब गाडीवरच्या ठरावीक जागी अगदी टेकवून धरला की गाडीच त्या चिपला वीज पुरवून ओळख पटवते. ही जागा सीटखाली, टाकीजवळ किंवा डॅशबोर्डच्या बाजूला असू शकते आणि मालकाच्या पुस्तिकेत तिचे चित्र असते. कावासाकीने २००८ च्या १४०० जीटीआर या गाडीवर किपास नावाची अशी व्यवस्था आणली, तर हार्ले-डेव्हिडसनच्या व्यवस्थेत फॉब नसल्यास इंडिकेटरच्या बटणांनी पाच अंकी पिन भरण्याची सोय असते. आपल्या गाडीत यांपैकी काय आहे हे गाडी अडण्याच्या आधी पाहून ठेवावे. पुस्तिकेची पाने पावसात रस्त्याकडेला उलटणे फारसे सुखाचे नसते.

धागाकर्त्यांसाठी निर्णायक चाचणी हीच आहे. फॉब त्या जागी टेकवूनही लॉक उघडले नाही, तर सेल, व्यत्यय आणि पल्ला ही तिन्ही कारणे एका झटक्यात बाद होतात.

दुचाकीस्वार

दोघांचेही आभार. फॉब ठरावीक जागी टेकवून पाहिला, दुसरा फॉबही वापरून पाहिला, फरक शून्य. बॅटरी विसावलेल्या अवस्थेत १२.६ व्होल्ट दाखवते. कान लावल्यावर मोटर अर्धा सेकंद घरघरते आणि थांबते, मग एक हलकी कुरकुर येते आणि शांतता. हँडल आत ओढून धरले तेव्हा घरघर किंचित लांबली, पण लॉक उघडले नाही. म्हणजे ओळख पटते आहे आणि खिळा किंवा मोटर अडते आहे, असाच याचा अर्थ घ्यावा ना?

जुनी जॉब कार्डे काढून पाहिली. वॉरंटीच्या काळातल्या एका कार्डावर माझ्या तक्रारीच्या रकान्यात ‘हँडल लॉक कधीकधी उघडत नाही’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. दुसऱ्यावर मात्र नुसते ‘गाडी सुरू होण्यास त्रास’ असे आहे.

नटबोल्ट

होय, तोच अर्थ. मोटरच्या गिअरमधले वंगण सुकणे, प्लॅस्टिकचा दात झिजणे किंवा खिळ्याच्या मार्गात धूळ-ओल जाऊन गंज चढणे यांपैकी काहीतरी असावे. वंगणाचा स्प्रे बाहेरून मारण्याचा मोह टाळा. तो सेन्सरच्या संपर्कांवर जाऊन नवा दोष निर्माण करतो आणि शिवाय ‘मालकाने छेडछाड केली’ असे म्हणायला समोरच्याला निमित्त मिळते. गाडी हलवायची असल्यास पुढचे चाक छोट्या चाकांच्या पाटावर चढवून उचलून न्यावी.

कलमवाचक

मी करारांची कलमे वाचण्याचे काम करतो, म्हणून आता कागदाकडे वळतो. धागाकर्त्यांनी ज्या जॉब कार्डाचा उल्लेख केला आहे, ते कार्ड या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद आहे.

वॉरंटी म्हणजे ठरावीक काळात प्रकट झालेला साहित्याचा किंवा बांधणीचा दोष उत्पादक विनामूल्य दूर करील, असे वचन. या वचनाची मुदत दोष ‘प्रकट होण्या’शी आणि तो कळवण्याशी जोडलेली असते, तो ‘दुरुस्त होण्या’शी नव्हे. मुदतीच्या आत दोष लेखी कळवला गेला, दुरुस्तीचा प्रयत्न निष्फळ ठरला किंवा केलाच गेला नाही, आणि तोच दोष मुदतीनंतर पुन्हा उद्भवला, तर ती नवी तक्रार नसून जुन्या तक्रारीचीच पुढची पायरी आहे, असा तुमचा दावा असायला हवा. ‘दोष आढळला नाही’ या शेऱ्याने दोष नव्हता असे सिद्ध होत नाही. त्या दिवशी त्या तपासणीत तो दिसला नाही, एवढेच सिद्ध होते. उलट त्याच शेऱ्याने तक्रार केली गेल्याचे उत्पादकाच्याच अधिकृत प्रतिनिधीने मान्य केलेले असते.

म्हणून शब्दांना महत्त्व आहे. ‘गाडी सुरू होण्यास त्रास’ या नोंदीत स्पार्क प्लगपासून बॅटरीपर्यंत काहीही बसू शकते, आणि तिच्या आधारे हँडल लॉकवर बोट ठेवता येत नाही. ‘हँडल लॉक कधीकधी उघडत नाही’ ही नोंद मात्र भाग आणि लक्षण दोन्ही सांगते. जॉब कार्डावर सही करण्यापूर्वी तक्रारीचा रकाना स्वतः वाचावा आणि सर्व्हिस सेंटरच्या सल्लागाराने आपल्या वाक्याचे संक्षिप्त रूप केले असेल तर ते नम्रपणे पण ठामपणे बदलून घ्यावे. ईसीयूमध्ये, म्हणजे गाडीतल्या नियंत्रक संगणकात, नोंदलेल्या फॉल्ट कोडची छापील प्रतही मागून घ्यावी, कारण ते कोड पुसून टाकणे हा तपासणीचाच एक भाग मानला जातो आणि पुसल्यावर पुरावा उरत नाही. दोष घडत असताना मोबाइलवर केलेले चित्रण, ज्यात डॅशबोर्डवरची खूण आणि मोटरचा आवाज दोन्ही आहेत, अशा मधूनच उद्भवणाऱ्या दोषांत फार परिणामकारक ठरते.

उत्पादकाच्या वॉरंटीखेरीज अनेक देशांत विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी वेगळी असते, आणि ग्राहक बहुतेक वेळा तिचा विचारच करत नाही. युरोपीय संघाच्या २०१९/७७१ या निर्देशानुसार वस्तू करारानुरूप नसल्यास विक्रेता किमान दोन वर्षे जबाबदार राहतो आणि पहिल्या वर्षात दिसून आलेला दोष मुळातच होता असे गृहीत धरले जाते. म्हणजे तो नव्हता हे सिद्ध करण्याचा भार विक्रेत्यावर येतो. आपल्या देशात कोणता कायदा लागू होतो आणि त्याची मुदत कधी सुरू होते, हे पाहून मगच पत्र लिहावे. पत्र सर्व्हिस सेंटरला न लिहिता उत्पादकाच्या ग्राहक विभागाला लिहावे, त्याची प्रत विक्रेत्याला द्यावी, आणि त्यात तारखा, जॉब कार्ड क्रमांक व एकच स्पष्ट मागणी असावी. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या माणसाला वॉरंटीबाहेरची मंजुरी देण्याचा अधिकारच नसतो, त्यामुळे त्याच्याशी घातलेली हुज्जत दोघांचाही वेळ खाते.

रात्रीचा प्रवासी

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, म्हणून लिहितो. माझ्या गाडीला मी चोरीच्या भीतीने जीपीएस ट्रॅकर बसवून घेतला होता. हँडल लॉकचा कंट्रोल युनिट बिघडल्यावर सर्व्हिस सेंटरने ट्रॅकरची वायर पाहिली आणि ‘वायरिंगला हात लावला, वॉरंटी रद्द’ असे सांगून विषय संपवला. कंपनीचे नाव इथे लिहीत नाही, पण प्रश्न असा आहे की एका वायरमुळे संपूर्ण गाडीची वॉरंटी खरोखर रद्द होते का?

कलमवाचक

@रात्रीचा प्रवासी, ‘संपूर्ण वॉरंटी रद्द’ हे वाक्य काउंटरवर जितक्या सहजपणे उच्चारले जाते, तितक्या सहजपणे ते कलमांमध्ये सापडत नाही. सर्वसाधारण कलम असे असते की बाहेरील साधनामुळे झालेले नुकसान वॉरंटीत येणार नाही. म्हणजे साधन आणि बिघाड यांच्यात कार्यकारण संबंध दाखवावा लागतो. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने तर उत्पादकाला आपलाच सुटा भाग किंवा आपलीच सेवा वापरण्याची अट वॉरंटीला जोडण्यास सामान्यतः मनाई केलेली आहे.

मात्र तुमच्या बाबतीत ट्रॅकरला वीज कुठून घेतली आहे हा प्रश्न कळीचा आहे. थेट बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूज लावून घेतली असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. हँडल लॉकच्या किंवा इग्निशनच्या वायरलाच कापून जोड दिला असेल, तर सर्व्हिस सेंटरचे म्हणणे अगदीच निराधार म्हणता येणार नाही. नकार लेखी मागा आणि त्यात कारण काय लिहितात ते पाहा. लेखी द्यायची वेळ आली की सूर बऱ्याचदा बदलतो.

तारयंत्री

यात एक तांत्रिक पुस्ती जोडतो. ट्रॅकर सतत थोडी वीज खातो. फॉब गाडीपासून हाताच्या अंतरावर टांगून ठेवण्याची सवय असेल तर काही रचनांत युनिट वारंवार जागे होत राहते आणि तेही वीज खाते. दोन्ही एकत्र आले की महिनाभर न वापरलेल्या गाडीची बॅटरी इतकी उतरते की लॉकच उघडत नाही. हा दोष ना ट्रॅकरचा ना लॉकचा, पण भांडण दोघांवरून होते.

आडवाट

विम्याबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही. धागाकर्त्यांना मिळालेले एका वाक्याचे उत्तर बरोबर आहे का?

कलमवाचक

दुर्दैवाने बरोबर आहे, पण अपुरे आहे. सर्वसमावेशक विमा अपघात, आग, चोरी, नैसर्गिक आपत्ती अशा बाह्य कारणांनी झालेल्या हानीसाठी असतो आणि यांत्रिक किंवा विद्युत बिघाड, झीज व गंज हे जवळपास प्रत्येक पॉलिसीत स्पष्टपणे वगळलेले असतात. त्यामुळे झिजलेल्या दातामुळे अडलेले लॉक विम्यातून बदलून मिळणार नाही. आपल्या पॉलिसीत रस्त्यावरील मदतीचे पूरक कलम असेल तर गाडी उचलून नेण्याचा खर्च मिळू शकतो. चावी हरवणे किंवा चोरीला जाणे यासाठीही पूरक कलम मिळते, मात्र त्यात फॉबबरोबर लॉक बदलण्याचा खर्च येतो की नाही आणि वर्षातून किती दावे मान्य होतात हे पाहावे लागते.

तेच लॉक चोराने हँडल पिळून तोडण्याचा प्रयत्न केल्यामुळे अडले असेल, तर कथा पूर्ण बदलते. चोरीच्या प्रयत्नात झालेली हानी ही बाह्य हानी आहे आणि ती सामान्यतः विम्यात बसते. त्यासाठी पोलिसांकडे लगेच नोंद करणे, गाडी हलवण्यापूर्वी छायाचित्रे घेणे आणि विमा कंपनीच्या पाहणीदाराने पाहण्यापूर्वी काहीही न उघडणे आवश्यक असते. बिघाडाला चोरीचा प्रयत्न म्हणून दाखवण्याचा सल्ला कुठेकुठे दिला जातो. तो फसवणुकीचा सल्ला आहे. पाहणीदार खिळ्यावरचे ओरखडे आणि दाताची झीज यांतला फरक ओळखतो आणि असा दावा फेटाळला गेल्यास पुढचे खरे दावेही संशयाने पाहिले जातात.

चावीविना सुरू होणाऱ्या गाडीच्या चोरीचा दावा हा अधिक गुंतागुंतीचा विषय आहे. विमा कंपनी चोरीच्या दाव्यात सर्व मूळ चाव्या मागते, आणि एक चावी कमी असेल तर ती कुठे, कधी आणि कशी गेली याचा खुलासा मागते. फॉब हरवल्यावर ‘दुसरा आहे ना’ म्हणून स्वस्थ बसणे म्हणूनच महागात पडते. हरवलेल्याची लेखी नोंद करावी आणि सर्व्हिस सेंटरकडून तो फॉब गाडीच्या स्मृतीतून काढून टाकावा. निदान-यंत्र जोडले की गाडीत किती फॉब नोंदलेले आहेत हे वाचता येते.

तारयंत्री

फॉब घरात असतानाही गाडी चोरीला जाऊ शकते, हे विमा कंपनीला पटवून देण्याची वेळ आली तर त्याला शास्त्रीय आधार आहे. २०११ साली झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठातील संशोधकांनी आठ उत्पादकांच्या दहा मोटारींवर रिले पद्धतीचा हल्ला करून पाहिला आणि तो सगळ्या दहाही मोटारींवर यशस्वी झाला. एक साधन गाडीजवळ आणि दुसरे फॉबजवळ ठेवायचे, गाडीची क्षीण साद लांबवर पोचवायची आणि फॉबचे खरे उत्तर गाडीला ऐकवायचे, एवढेच त्यात असते. सांकेतिक लिपी फोडावी लागतच नाही, त्यामुळे ती कितीही मजबूत असली तरी उपयोग होत नाही. मोटरसायकलची व्यवस्था तत्त्वतः तशीच असल्यामुळे हा धोका तिलाही आहे.

उपायांपैकी काही फॉबमध्येच असतात. हालचाल थांबली की झोपी जाणारा फॉब टेबलावर पडलेला असताना उत्तरच देत नाही, आणि काही फॉबना बंद करण्याचे बटण असते. ते नसेल तर रेडिओलहरी अडवणारी पिशवी चालते, फक्त ती झिजली की नाही हे फॉब आत ठेवून गाडीजवळ बटण दाबून अधूनमधून पाहावे. नव्या पिढीतल्या अल्ट्रा-वाइडबँड चाव्या लहरींना लागणाऱ्या वेळावरून अंतर मोजतात. लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते, त्यामुळे मधल्या साधनांनी केलेला उशीर लपत नाही. तोवर डिस्क लॉक किंवा जाड साखळी यांना पर्याय नाही, आणि त्यांची पावती जपून ठेवली तर योग्य काळजी घेतल्याचा पुरावा म्हणून दाव्यात ती जोडता येते.

खटपट्या

एवढे सगळे करण्यापेक्षा हँडल लॉकच काढून टाकावे आणि त्याच्या कनेक्टरमध्ये ‘लॉक उघडे आहे’ असा खोटा संदेश देणारे छोटे सर्किट बसवावे. असे सर्किट मिळते आणि कटकट कायमची मिटते.

नटबोल्ट

@खटपट्या, तीव्र असहमती. लॉक काढून सर्किट बसवले तर गाडीचे मूळ चोरीरोधक साधन तुम्ही स्वतःहून निकामी केलेले असते, आणि चोरी झाल्यास विमा कंपनीच्या हाती आयते कारण सापडते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे लॉक जागेवरच ठेवून फक्त सेन्सरची दिशाभूल करणे. मग खिळा अर्धा बाहेर असतानाही इग्निशन चालू होते, आणि मी पहिल्या प्रतिसादात ज्या धोक्याबद्दल लिहिले तो प्रत्यक्ष उभा राहतो. आडवाट यांना जी भीती वाटत होती, ती अशाच ‘दुरुस्त’ केलेल्या गाडीची वाटायला हवी.

दुचाकीस्वार

कलमवाचक यांच्या सूचनेप्रमाणे उत्पादकाच्या ग्राहक विभागाला पत्र पाठवले. सोबत जुने जॉब कार्ड, मोटरच्या आवाजाचे चित्रण आणि दोन्ही फॉबनी केलेल्या चाचणीची टिपणे जोडली, आणि वॉरंटीच्या काळात लेखी कळवलेल्या दोषाची विनामूल्य दुरुस्ती, एवढीच मागणी केली. त्यांनी आधी ‘सद्भावना म्हणून निम्मा खर्च’ असा प्रस्ताव दिला. मी जॉब कार्डाची तारीख पुन्हा निदर्शनास आणून दिल्यावर लॉक आणि कंट्रोल युनिट विनामूल्य देण्याचे लेखी मान्य झाले आहे. मजुरीबद्दल मात्र ते अजून मौन बाळगून आहेत, आणि फॉब नव्याने घ्यावे लागतील की जुनेच नव्या युनिटला जोडता येतील, याचेही उत्तर मिळालेले नाही. गाडी ताब्यात घेताना काय तपासावे?

कलमवाचक

मजुरीचा प्रश्न सोडू नका. भाग विनामूल्य बदलण्याचे मान्य करणे म्हणजे दोष वॉरंटीतला असल्याचे मान्य करणे, आणि वॉरंटीतल्या दुरुस्तीत तो भाग बसवण्याची मजुरी सामान्यतः आलीच. मान्यतेच्या पत्रात ‘सद्भावना’ हा शब्द असेल तर त्याऐवजी ‘वॉरंटी दुरुस्ती’ असे लिहून मागा. सद्भावनेने बसवलेल्या भागावर स्वतंत्र वॉरंटी मिळते की नाही याबद्दल पुढे वाद होऊ शकतो.

नटबोल्ट

फॉब जुनेच चालतील की नाही हे गाडीच्या रचनेवर ठरते, पण नव्या युनिटला दोन्ही फॉब जोडले गेले आहेत हे तुमच्या समोर, एकेक फॉब दूर ठेवून, तपासून घ्या. नोंदलेल्या फॉबची संख्या जॉब कार्डावर लिहून घ्या. पिनची सोय असेल तर जुना पिन नव्या युनिटमध्ये टिकत नाही हे गृहीत धरून तो पुन्हा भरून पाहा, आणि सेलशिवाय फॉब टेकवून गाडी सुरू होते का तेही तिथेच बघा. हँडल टोकाला वळवून लॉक लागू द्या, थोडा बाजूचा दाब ठेवून उघडा, आणि हे अनेकदा करा. शेवटी काढलेला जुना लॉक पाहायला मागा आणि त्याच्या खिळ्याचे व दातांचे छायाचित्र घ्या. तो भाग उत्पादकाकडे परत जाणार असल्याने तुम्हाला तो ठेवता येणार नाही.

रात्रीचा प्रवासी

मीही नकार लेखी मागितला आहे. उत्तर आले की इथेच लिहितो.